जाण्याचा सराव

हे खरं तर मी सांगायचं नव्हतं. शपथ कोणी घातलेली नाही, मीच स्वतःला घातली होती, आणि साडेतीन आठवडे पाळलीसुद्धा, पण तुम्हाला सांगते, गोष्ट पोटात ठेवून ठेवून आता पोट खरंच दुखायला लागलंय, आणि गंमत अशी की पोट दुखतंय असं मी जे खोटं सांगत होते ना, त्याच पोटाची ही गोष्ट आहे. थांबा, उलटं झालं. आधी कुत्र्याचं सांगायला हवं.

आमच्या कुत्र्याला सगळी इमारत भोंगा म्हणते. ताईने ठेवलेलं नाव वेगळं आहे, चांगलं आहे, पण एवढ्या आवाजाच्या प्राण्याला चांगलं नाव टिकत नाही. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. तिनेच त्याला आणला, तिनेच वाढवला आणि सहा महिन्यांपूर्वी चाकांची बॅग घेऊन ती नोकरीला दुसऱ्या शहरात गेली. बॅग जिन्यावरून टक, टक, टक करत खाली गेली, आणि भोंगा दाराशी जो बसला तो बसलाच. त्या दिवसापासून घरातलं कोणीही निघालं की हा कुंई कुंई करणार, आणि सगळेच निघाले की आढ्याकडे तोंड करून जो सूर लावणार तो आम्ही परत येईपर्यंत. दाराची चौकट कुरतडली, उशी फाडली, बाबांचा उजवा बूट खाल्ला. डावा अगदी जसाच्या तसा ठेवला, त्याचा बाबांना जास्त राग आला.

आणि आमच्या खालच्या मजल्यावर कोण असावं? दातांचे डॉक्टर. पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना, मागे घर. आता विचार करा, तुम्ही गाल धरून बाकावर बसलायत, आधीच हातपाय गार पडलेत, आणि वरून आवाज येतो... ऊऊऊ... एका माणसाने विचारलं म्हणे, "डॉक्टर, वरच्या मजल्यावर कोणाची दाढ काढताय?" डॉक्टर म्हणाले, "वरती आपला दवाखाना नाही." तो म्हणाला, "मग तिथे चाललंय तरी काय?" आणि आपली सुजलेली दाढ घेऊन उठून गेला. असे तीन गेले. चौथ्याच्या वेळी डॉक्टर स्वतः वर आले, पांढरा कोट घालूनच, आणि शांतपणे म्हणाले, कारण ते सगळंच शांतपणे म्हणतात, दुखेल तेव्हासुद्धा, "दोन महिने देतो. दोन महिन्यांनंतरच्या रविवारी, दहा ते अकरा, तुम्ही सगळे बाहेर जायचं. मी खाली घड्याळ लावून बसेन. एक तास गप्प राहिला तर माझी तक्रार नाही."

"आणि नाही राहिला तर?" आईने विचारलं.

डॉक्टरांच्या आधी बाबाच बोलले. "नाही राहिला तर मामाच्या गोदामावर, राखणीला." मामाला तर लगेच फोनही झाला. मामा म्हणाला, "पाठवा की. साखळी आहे माझ्याकडे, चांगली जाड आहे." भोंगा तेव्हा बाबांच्या पायावर डोकं ठेवून झोपला होता.

मग ट्रेनरबाई आल्या. बुटक्या, कंबरेला खाऊची पिशवी, आवाज असा की तुम्हीच पटकन खाली बसाल. त्यांनी भोंग्याकडे दोन मिनिटं पाहिलं आणि आमच्याकडे वीस मिनिटं. बाबा म्हणाले, "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच राहतं, बाई." बाई म्हणाल्या, "शेपटीला काही झालेलं नाही, साहेब. तो घाबरलाय. तुम्ही गेलात की परत येणार नाही असं वाटतं त्याला. एवढंच." आणि एक वाक्य आम्हाला पाठ करायला लावलं, खरंच, शाळेत लावतात तसं: जाताना निरोप घ्यायचा नाही, आल्यावर लाड करायचे नाहीत. निघताना टाटा-बाय बाय नाही, मागे वळून बघायचं नाही, आणि परत आल्यावर दहा मिनिटं त्याच्याकडे लक्षच द्यायचं नाही, छताकडे बघायचं. म्हणजे काय होतं, की जाणं-येणं ही त्याच्यासाठी मोठी गोष्ट राहत नाही. "माणूस जातं. माणूस येतं. त्यात काय एवढं?" असं त्याला वाटायला हवं.

त्यात काय एवढं... मी लिहून घेतलं. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून तक्ता माझ्याकडे आला. फ्रिजवर लावला. तारीख, कोण गेलं, किती वेळ, शेरा.

आणि तुम्हाला सांगते, आमच्या घराची नाटक कंपनी झाली. कारण दुसरा धडा असा होता की किल्ल्या वाजवायच्या आणि जायचं नाही. बूट घालायचे आणि जायचं नाही. म्हणजे किल्ल्यांची भीती मरते. आई दिवसातून वीस वेळा किल्ल्या उचलायची आणि ठेवायची, खांद्याला पर्स, पायात चपला, आणि सोफ्यावर बसून मालिका बघायची. शेजारच्या काकूंनी दारातून पाहिलं आणि विचारलं, "निघालात का?" आई म्हणाली, "नाही हो, बसलेय." काकू त्यानंतर आठवडाभर माझ्याशी फार प्रेमाने बोलत होत्या.

तिसरा धडा खरं जायचं. आधी पाच सेकंद. मग तीस. तो कुंई करायच्या आत परत यायचं, जरा जरा वाढवायचं, जमलं नाही तर एक पायरी मागे. बाबा बनियनवर जिन्यात उभे राहायचे, हातात मोबाईल, सेकंद मोजत. एकदा डॉक्टर वर येत होते. म्हणाले, "काय हो, घराबाहेर काढलं की काय?"

"नाही, नाही. सराव चाललाय."

"कसला?"

"जाण्याचा."

डॉक्टर दोन पायऱ्या चढले, थांबले आणि म्हणाले, "जमेल. सगळ्यांनाच जमतं शेवटी." बाबांना ते लागलं असावं, कारण त्या दिवशी ते ऐंशी सेकंद बाहेर राहिले. धडा चाळीसचा होता.

पण सवय फार वाईट. सवय भोंग्याला लागायची होती, लागली आम्हाला. जाताना निरोप घ्यायचा नाही, आल्यावर लाड करायचे नाहीत. आधी मी शाळेला निघाले की आई आतून ओरडायची, "डबा घेतलास का, नीट जा गं." आता काही नाही. मी दार लोटायचे आणि जायचे. बाबा कामावरून आले की सरळ आत, छताकडे बघत, एकदा असेच छताकडे बघत स्टुलावर आपटले. मी बक्षीस मिळाल्याचं सांगायला दारात उभी होते, निबंधाचं, तर आईने बोट वर केलं, म्हणजे दहा मिनिटं थांब. थांबले. दहा मिनिटांनी सांगावंसं वाटेना. कागद दप्तरातच आहे अजून. तक्त्यात मात्र प्रगती होती: नऊ मिनिटं, शेरा बरा.

आणि अशात ताई आली.

न सांगता आली. तीन दिवसांची सुट्टी काढून, आम्हाला चकित करायला. शनिवारी दुपारी कुलूप वाजलं, दार उघडलं, चाकांची बॅग घेऊन ताई दारात, हात पसरलेले, चेहरा एवढा मोठा हसरा... आणि आम्ही काय केलं असेल? बाबांनी पेपर वर केला. आई छताकडे बघायला लागली. आणि मी, जी रोज तिच्या पलंगावर झोपते कारण तिच्या उशीला अजून तेलाचा वास येतो, मी तक्त्यापाशी जाऊन वेळ लिहायला लागले. खरंच सांगते, ठरवून नाही. हातच गेला.

ताईने हात हळूहळू खाली घेतले. "अगं आई?"

आई ओठ न हलवता म्हणाली, "दहा मिनिटं."

"कसली दहा मिनिटं? बाबा? काही झालंय का? मी काही केलंय का?"

बाबा पेपराच्या मागून म्हणाले, "बस. पाणी घे. उत्तम चाललंय." ते भोंग्याबद्दल म्हणत होते. भोंगा आपल्या सतरंजीवर बसला होता, सगळं अंग थरथरत होतं, शेपूट जमिनीवर धप धप धप, पण उठला नाही. सगळ्यांत शहाणा तोच, त्याला निदान थरथरायची परवानगी होती. ताई बॅगेवरच बसली. आठव्या मिनिटाला उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला. आमच्या घरात नळ सोडला की समजायचं.

नंतर सांगितलं सगळं, नंतर सगळे हसलेसुद्धा, आई तर डोळे पुसपुसून. पण सोमवारी सकाळी मी उठले तर ताई नव्हती. पलंगाखाली बॅग नव्हती. आई म्हणाली, "गेली. म्हणाली, नियम आहे ना तुमचा, उगाच त्याला त्रास नको." आणि मग आई काय म्हणाली माहितीये, आनंदाने म्हणाली, "बॅगेची चाकं वाजली, पण हा पठ्ठ्या हूं की चूं नाही. लिही, लिही तक्त्यात." मी लिहिलं. कोण गेलं: ताई. शेरा: उत्तम. मग मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. माझ्यासाठी फ्रिजवर कोणी तक्ता लावलेला नाही. तसं मी म्हणतही नाही.

आता परीक्षा. परीक्षेच्या आधल्या दिवशी तक्त्यात किती होती? चौदा. चौदा मिनिटं. पाहिजेत साठ. बाबा म्हणाले, "होईल." आई म्हणाली, "होईल." पण तक्ता मी लिहिते हो, मला माहीत होतं की पंधराव्या मिनिटाला तो मान वर करतो आणि सोळाव्याला घसा साफ करतो. आणि मामाचा निरोप आला होता की रविवारी दुपारी टेम्पो इकडून जाणारच आहे.

म्हणून मी ते केलं. आई-बाबांबरोबर खाली उतरले, कोपऱ्यापर्यंत गेले, म्हटलं, माझं पोट दुखतंय, मी मैत्रिणीकडे बसते. आणि मागच्या जिन्याने, चपला हातात घेऊन, डॉक्टरांच्या दारावरून श्वास धरून वर. कुलूप असं उघडलं की मलाच ऐकू आलं नाही. भोंग्याने मला पाहिलं आणि... काही केलं नाही. जांभई दिली. मी त्याच्या सतरंजीवर बसले, त्याने डोकं माझ्या मांडीवर टाकलं आणि झोपला. घोरतही नव्हता. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. घर एकदम रिकामं होतं. ताईची खुंटी रिकामी. मला वाटलं, आपण सगळे गेलो की त्याला घर असंच वाटत असेल, आणि मग मला ताई दारात हात पसरून उभी असलेली दिसायला लागली, आणि मग नळ सोडायची सोयच नव्हती ना, खाली डॉक्टर...

अकरा वाजता मी मागच्या जिन्याने खाली, मैत्रिणीकडून आल्यासारखी पुढून वर. डॉक्टर आमच्या दारात उभे, आई-बाबा हात जोडल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, "पास. मानलं बाईंना. चाळिसाव्या मिनिटाला थोडं कण्हल्यासारखं ऐकू आलं, दोन-तीन मिनिटं. पण तेवढं माझे पेशंटही करतात."

आईने भोंग्याला जवळ घेतलं, दहा मिनिटं न थांबता. "चाळिसाव्याला कण्हलास होय रे? आठवण आली होय रे?" भोंगा माझ्याकडे बघत होता. मी छताकडे.

सुटलो असं वाटलं असेल ना तुम्हाला? मलाही वाटलं. पण आता तो पास झालाय. म्हणजे आता सगळे खुशाल बाहेर जातात. आणि प्रत्येक वेळी मी म्हणते, पोट दुखतंय. दर वेळी. आई मला दोनदा डॉक्टरकडे घेऊन गेली, पोटाच्या, त्यांनी पोटावर टकटक केलं आणि विचारलं, "शाळेत काही त्रास?" ट्रेनरबाई माझ्या तक्त्याचा फोटो सगळ्यांना दाखवतात. आणि घर रिकामं झालं की मी एकटीच सराव घेते, जिन्यात उभी राहते, खरा सराव, खरी मिनिटं, वहीच्या मागच्या पानावर. काल सतरा झाली. आठवड्याला एक धरलं तर साठला पोहोचायला... नको, तो हिशेब नको.

आणि आज काय आहे माहितीये? आज ताईला सुट्टी आहे. अर्ध्या वाटेवरच्या गावात भेटायचं ठरलंय, ती तिकडून येणार, आम्ही इकडून, जेवायचं आणि संध्याकाळी परत. काल फोनवर ती मला म्हणाली, "तू ये हं. आणि या वेळी दहा मिनिटं गप्प बसलीस तर बघ." मी हो म्हटलं. बूट घालून बसलेय मी सकाळपासून. बाबा म्हणतात, "भोंग्याचं काय, आता दिवसभर राहील तो." सहा तास, हो. सहा तास. आणि मामाकडे ती साखळी अजून तशीच आहे. भोंगा समोर बसलाय. माझ्या बुटांकडे बघतोय. किल्ल्या वाजल्या तरी मान हलवत नाही, बुटांकडे मात्र...

हं, किल्ल्या खऱ्याच वाजल्या. चला, तुमचा निरोप घेत नाही, नियम आहे आमचा, तुम्हालाही 'त्यात काय एवढं' असंच वाटायला हवं...

"अगं ए, चल लवकर, गाडी चुकेल. ताई तिकडे वाट बघत बसेल."

आले आई. म्हणजे... आई, ऐक ना, तुम्ही व्हा पुढे, ताईला सांग, मला यायचंच होतं, पण माझं पो