गुरुवारची खोली

सौंसरहून आलेली शालूताईंच्या घरची मंडळी, सावरगावहून पूल ओलांडून आलेल्या बाया, आणि पांढुर्ण्याचे तुम्ही सगळे. बसा. मागच्यांनीही बसून घ्या. जागा नसेल तर सरकून करा.

मी आयुष्यभर वर्गात बोलले. हातात खडू असला की मला शब्द शोधावा लागला नाही. आज शोधते आहे. शालूताईंबद्दल चार वाक्यं घरून ठरवून आणली होती. वसंतभाऊंचं बोलणं ऐकलं आणि ती बाजूला ठेवली.

वसंतभाऊ आपल्या मंदिर समितीचे अध्यक्ष. आत्ता त्यांनी जाहीर केलं की शालूताईंच्या आठवणीत मंदिरामागच्या खोलीत वाती वळायचं मशीन बसवणार. विजेवर चालणारं. "आपल्या बायांनी लय मेहनत केली. आता त्याईचे हात मोकळे होतीन. गुरुवारी यायची गरज नाई." शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत. तुम्ही वाजवल्या.

वसंतभाऊ, तुमच्या मनात वाईट काही नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच अवघड आहे. वाईट माणसाशी भांडता येतं. चांगल्या माणसानं दार लावलं तर कुणाशी भांडायचं?

मशीन नको. खोली हवी. का हवी, ते सांगायला उभी आहे.

शालूताई आधी सिस्टर होत्या. दवाखान्यात जखमा धुतल्या, टाके काढले. मग नागपूरला जाऊन त्यांनी मनाच्या जखमांचं शिक्षण घेतलं. समुपदेशन म्हणतात त्याला. परत आल्या तेव्हा इथे पाटी लावली असती तर काय झालं असतं? तुम्हीच सांगा. मनाच्या दवाखान्याच्या पायरीवर आपली सून दिसली, तर संध्याकाळपर्यंत ती गावभर वेडी ठरली असती. म्हणून शालूताईंनी पाटी लावली नाही. कापूस आणला. कापसाला आपल्याकडे तोटा नाही. दर गुरुवारी दुपारी सौंसरची बस धरून यायच्या, मंदिरामागच्या खोलीत सतरंजी अंथरायच्या आणि बायांना सांगायच्या, "देवासाठी वाती वळायला या." देवाच्या कामाला कोणती सासू नाही म्हणेल?

मी शेजारीच राहते. मी पहिल्यांदा गेले ती भांडायला. गल्लीत चपलांचा ढीग पडायचा. दारात उभी राहून म्हणाले, "चपला ओळीत लावता येत नाहीत का?"

शालूताई म्हणाल्या, "येतात न बाई. तुमचीबी लावा अन् आत बसा."

बसले. कापूस हातात घेतला. बोटाला दूध लावून वळायला लागले. शेजारची एक बाई माझ्या वाती पाहून म्हणाली, "अवो बाप्पा! मॅडमच्या वाती त छडीवानी झाल्या! दिवा लागन का पोरं पळतीन?" सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, "शालूताई, देवाले इतक्या वाती कायले लागतेत? रातपाळी करून राहिला का तो?" मीसुद्धा हसले. त्या हसण्यातच कोपऱ्यातली एक बाई हळू आवाजात काहीतरी सांगायला लागली, आणि सगळ्यांनी माना खाली घालून वाती वळणं चालू ठेवलं.

तिथे एक नियम होता. कुणी बोलायला लागलं की तिच्याकडे पाहायचं नाही. उगी उगी म्हणायचं नाही. डोक्यावरून हात फिरवायचा नाही. "होतं बाई असं, विसरून जा," हे तर तोंडातून काढायचंच नाही. हात चालू ठेवायचे आणि ऐकायचं. शालूताई म्हणायच्या, "आपण उगी म्हणतो ते तिच्यासाठी नाई. आपल्याले ऐकवत नाई म्हणून म्हणतो."

ती बाई काय बोलत होती, ते मी सांगणार नाही. बाकीच्या सगळ्या वाती वळत होत्या. ऐकलं ना? सगळ्या वाती वळत होत्या. घरी जाऊन कुणी आपल्या बायकोला, सुनेला, लेकीला खोदून विचारू नका, की तू तिथे काय सांगितलंस. ती वाती वळत होती. मी साक्ष आहे.

मी फक्त माझं सांगते.

तुम्ही मला कडक बाई म्हणता. इथे बसलेल्यांपैकी निम्मे माझ्या हाताखाली शिकलेले आहेत. तुम्हाला आठवत असेल, मी प्रत्येकाला माझ्या उजव्या हाताला उभं राहून बोलायला लावायची. डावीकडून कुणी बोललं की ओरडायची. तुम्हाला वाटायचं, ही बाईंची शिस्त.

मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी आमच्या घरातल्या सरांनी, माझ्या नवऱ्यानं, मारलं, तेव्हापासून. त्यानंतरही मारत राहिले. कान एकदाच गेला.

कुजबुज नको. तुमच्यातल्या कितीतरी जणांना सरांनी शिकवलं आहे. ते चांगलं शिकवायचे. ते गेले तेव्हा याच मंडपात शोकसभा झाली. शांत स्वभावाचे सर, असं चार जण बोलले. मी तिथे, त्या खांबाजवळ बसले होते.

माझा मुलगा समोर बसला आहे. त्यालाही हे आज कळतं आहे. बाळा, मान वर कर. आपण घरी बोलू.

शालूताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "बाई, डावा कान कधी गेला?" कसा गेला, असं नाही विचारलं. मी म्हणाले, "लहानपणी." त्या म्हणाल्या, "बरं." पुन्हा विषय काढला नाही. मी गुरुवारमागून गुरुवार जात राहिले. माझ्या वाती छडीसारख्याच होत राहिल्या. मग एका दुपारी बाहेर कुणीतरी धाडकन दार आपटलं, आणि माझे दोन्ही हात आपोआप डोक्यावर गेले. कापूस सगळा सांडला. एवढी मोठी बाई मी. निवृत्त झालेली. सर जाऊन वर्षं उलटलेली. आणि मी सतरंजीवर डोकं झाकून बसले.

शालूताईंनी मला हात लावला नाही. बसल्या जागेवरून म्हणाल्या, "बाई, पाय जमिनीवर टेकवा. टेकले? आता डोळे उघडून सांगा, खोलीत काय दिसून राहिलं?"

मी म्हणाले, "पंखा. घागर. खिडकी. तुम्ही."

"आज कोणता वार?"

"गुरुवार."

"तो माणूस या खोलीत हाये?"

"नाही."

"नाई न. तेव्हा होता. आज गुरुवार हाये."

त्या दिवशी मी बोलले. सगळं एका दिवशी नाही. त्या बोलूही देत नसत. थोडं सांगितलं की म्हणायच्या, "आज एवढंच. एकदम सरकी काढाले गेलं त कापूस फाटते." मग एखादी बाई चहा गाळायची, आणि आम्ही घरी जायचो. हळूहळू मला झोप लागायला लागली. दार वाजलं तर दचकते अजून, पण हात डोक्यावर जात नाहीत. एवढंच झालं. हे एवढंच किती मोठं आहे, ते ज्याला झोप येत नाही त्याला विचारा.

आता मला खरी भीती कशाची वाटते ते सांगते.

मागच्या गुरुवारी एक बाई पहिल्यांदा बोलली. ती कोण, कुठली, या मंडपात आहे की नाही, काही सांगणार नाही. किती दिवस ती नुसती वाती वळत होती. त्या दिवशी बोलायला लागली, आणि जिथे सगळ्यात कठीण होतं तिथे येऊन थांबली. शालूताई म्हणाल्या, "आज एवढंच. बाकीचं पुढच्या गुरुवारी. मी हाये न."

शनिवारी शालूताई गेल्या.

मी हाये न, म्हणाल्या होत्या.

ती बाई काल माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, मी आता कोणाले सांगू? अर्धं बाहेर निघालं. आत बी जात नाई, बाहेर बी येत नाई. जेवण उतरून नाई राहिलं." मी तिला म्हणाले, "पाय जमिनीवर टेकव." ती मागे सरकली. म्हणाली, "मॅडम, तुमच्या आवाजाचा धाक वाटते मले."

खरं आहे. हा आवाज वर्गासाठी घडला. मला शालूताई होता येत नाही. मी रात्रभर प्रयत्न केला तरी होता येणार नाही. शब्द तेच आहेत, मला पाठ आहेत. पण उपयोग नाही. ती माझ्यासमोर रडत बसली होती आणि मी नुसती कापूस पिंजत होते. काय करायचं हो आम्ही? सांगा ना. कुणाकडे जायचं?

लोक म्हणतात, नागपूरला मोठमोठे डॉक्टर आहेत. आहेत. घरी काय सांगून जायचं? वाती वळायला कुणी नागपूरला जातं का?

म्हणून मी काल नागपूरला फोन केला. शालूताईंच्या बरोबर शिकलेल्या एक बाई आहेत, हेच काम करतात. म्हणाल्या, "दर गुरुवारी सकाळच्या गाडीनं येईन, संध्याकाळी परतेन. पण बायांना नेहमीचीच जागा लागते. खोली आहे ना?" मी म्हणाले, आहे.

मी शब्द देऊन बसले आहे, वसंतभाऊ. आणि तुम्ही मशीन आणून राहिलात.

मी कधी कुणापुढे हात जोडले नाहीत. गावाला माहीत आहे. आज जोडते. हे बघा. शालूताई गेल्यापासून त्या खोलीची किल्ली तुमच्या खिशात आहे. ती त्यांच्या तसबिरीपुढे ठेवा. देवाला वाती कमी पडणार नाहीत, मी स्वतः वळेन. जाड होतील. देव चालवून घेईल.

तुम्ही काही म्हणालात? वसंतभाऊ, तुम्ही डावीकडे बसला आहात. मला ऐकू आलं नाही. आता बोलूही नका. किल्ली ठेवायची असेल तर ठेवा. नाही ठेवलीत तर पुढच्या गुरुवारी त्या बंद दारासमोर गल्लीत मी सतरंजी टाकेन. चपला ओळीत लावीन.

आता आपण शालूताईंसाठी शांत राहू. उठू नका. उभं राहायचं नाही. त्या म्हणायच्या, उभ्या माणसासमोर कुणी मन मोकळं करत नाही. बसूनच राहा.

शेजारचं कुणी रडलं तर पाहू नका. उगी म्हणू नका. ऐका फक्त.

पाय जमिनीवर टेकवा.

बाई, तू जिथे कुठे बसली असशील तिथे, तूही टेकव. आम्ही सगळे आहोत. कुणी तुझ्याकडे पाहत नाही.

आज गुरुवार आहे.