आत्याचं पार्लर

दाताच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायचा होता. शेजारी एक आत्या आणि तिची भाची बसल्या होत्या. भाचीच्या मांडीवर सायकलचं हेल्मेट होतं.

“आत्या, एक घोळ झालाय.”

“कसला?”

“केसांचा. तू सांगितलंस तसं रोज ओल्या केसांच्या दोन वेण्या घालते, वर हेल्मेट, आणि ऑफिसात पोचले की सोडते.”

“मग? अजून चपटेच बसतात?”

“छे गं! असे कुरळे सुटतात की सगळ्या बघत राहतात. काल मोठ्या मॅडमनी विचारलं, कुठल्या पार्लरला जातेस?”

“आणि तू?”

“म्हटलं, माझ्या आत्याच्या.”

“अगं, मी पडदे शिवते!”

“माहितेय. पण त्या उद्या येतायत. संध्याकाळी त्यांचा निरोप समारंभ आहे, त्यांना अगदी असेच केस हवेत.”

“येऊ देत की. केस ओले करून या म्हणावं.”

“तू खरंच करणार?”

“वेण्या मी घालीन. पण वर हेल्मेट चढवून आठ किलोमीटर सायकल मारल्याशिवाय केस असे सुटायचे नाहीत. तेवढं त्यांनाच करावं लागेल.”

“आत्या, त्यांना सायकल येत नाही!”

“मग मागून धरून पळायला तू आहेसच. पार्लर कुणी उघडलं?”