फक्त नाकाचा फरक

त्या जाळीले हात नको लावू, पोरी, गंज बोटात जाईन – मंग धरमपेठेत जाऊन सांगशीन का लकडगंजच्या मारोतराव मिस्त्रीनं जखमी केलं म्हणून. बस तिकडं. त्या स्टुलावर नाही, त्याचा पाय गेला आहे. बाकावर बस. हां. तर पाह्य वं, तुह्या आजोबाची डॉज अन् ही माही फार्गो, दोघी पिकअप एकाच कारखान्यातल्या, सख्ख्या बहिणी – फक्त नाकाचा फरक. डॉजच्या नाकावर मेंढा, फार्गोच्या नाकावर पृथ्वीचा गोळा. तिची जाळी जाडी, हिची बारीक. मागच्या फालक्यावरचं नाव वेगळं. झालं, संपलं. बाकी तिचा दरवाजा काढ अन् हिले लाव, बिजागरी चूं करणार नाही. काच तीच, चेसिस तीच, गिअरची दांडी तीच. लोकं इथं येऊन भांडत – डॉज मजबूत का फार्गो मजबूत. मी म्हणो, अबे, तुमी नाव वाचून भांडून राहिले, खाली घुसून पाहा.

नंबराचं सांगतो ना. घाई कायची आहे? तू म्हणून राहिली का आरसी बुकातला इंजिन नंबर एक, अन् तुह्या डॉजमधल्या इंजिनावरचा दुसराच, म्हणून आरटीओचे साहेब नवे कागद करून देत नाही, अन् कागद नाही झाले तर तुहे काका गाडी भंगारात देतात. समजलं मले. बहिरा नाही झालो अजून. त्या जमान्यातले बाबू लिहितानी चुकत, तीनाचं आठ करत – काय? एकही आकडा जुळत नाही? एकही? हं. चहा घेशीन का? नको. तुहे आजोबा, कृष्णकांतजीही नव्हते घेत. एवढा मोठा छापखाना त्यांचा, पण मानूस असा हळू बोले का मले हातातला हातोडा खाली ठेवा लागे.

इंजिनाचं ऐक मंग. सहा सिलिंडरचं, पेट्रोलवालं, दोघींचं सारखंच. बोल्ट खोलले, चेनकप्पीनं उचललं, तर हिचं तिच्यात बसते अन् तिचं हिच्यात. कोणाच्या बापाले कळत नाही. बसते म्हटलं म्या – बसवलं असं नाही म्हटलं. अशी काहून पाहून राहिली? म्हातारा मानूस बोलून राहिला तर बोलू दे.

या इंजिनाले एकच गोष्ट चालत नाही. उकळलं तर थांबाचं. झाडाखाली बसाचं, बिडी प्याची, अर्धा घंटा. तापल्या इंजिनात थंडं पानी ओतलं का ब्लॉक तडकते. याच्यापायी म्या डायव्हरांच्या कानाखाली वाजवली आहे. नत्थूजी ट्रान्सपोर्टवाल्याच्या डायव्हरले तर भर बाजारात – सारे हासले होते त्याच्यावर. अन् दोन वर्षानं मीच ओतलं. हो, मीच. खाप्याहून विणकरांचे गठ्ठे आणून राहिलो होतो याच फार्गोत, पोळा तोंडावर, बाजार गाठाचा होता, कन्हानच्या पुलापाशी उकळली. बसलो का मी झाडाखाली? नाही बसलो. नदीतून डबा भरून आणला अन् ओतला. टण् – एवढासाच आवाज. बांगडी फुटल्यासारखा. वीतभर तडा.

आता सांग, कोणाले सांगू? ज्याच्या त्याच्या कानाखाली वाजवणारा मिस्त्री, अन् त्याच्याच गाडीचा ब्लॉक तडकला? उद्यापासून कोण गाडी आणते माह्याकडं? अन् तुह्या आजोबाची डॉज तवा इथंच उभी होती, रंगाले आली होती, दोन महिने झाले होते. शिलाई मशीनसारखी चाले.

मारबतीच्या दिवशी केलं, पोळ्याच्या दुसऱ्या रोजी. सारं गाव इतवारीत मिरवणुकीले, लकडगंजात कुत्रं नव्हतं. माही बायको, प्रयागबाई, तिनं साखळी ओढली. दिवसभरात एकच बोलली – “लोकं आज घरातली पीडा बाहेर नेऊन जाळून राहिले, अन् तुमी दुसऱ्याच्या घरात घालून राहिले.” मी म्हटलं, साखळी ओढ. माहा तडकलेला ब्लॉक पितळेनं भरला, वरून रंग मारला, डॉजमध्ये बसवला. अन् तिचं चांगलं इंजिन – आता तुले काय सांगू, समजलंच तुले.

मंग काय. तुही आजी, सुमतीताई, माहेरी काटोलले निघाल्या का गाडी कळमेश्वरच्या अलीकडंच उकळे. कृष्णकांतजी दर दोन महिन्यानं हजर. तू बसली ना, तिथंच बसत. मी गॅसकेट बदलो, रेडिएटर धुवो, मान हलवो. एक डाव म्हणाले – त्यांचेच शब्द सांगतो – “मारोतराव, दोष गाडीचा नाही हो. मलाच चालवता येत नाही.” अन् मी काय म्हणावं? मी म्हटलं, हो साहेब, तुमी क्लच लय दाबता.

त्याच्यानंतर नाही आले. बसनं जात म्हणे काटोलले. मले वाटलं, बरं झालं, सुटलो. दर रविवारी मी ही फार्गो चालू करतो, चाळीस वर्ष झाले, अन् दर रविवारी पह्यल्याच झटक्यात – काय म्हणाली? आजोबा मरेपर्यंत सांगत होते? का ‘मला गाडी कधी जमलीच नाही’ म्हणून?

हं.

ऊठ. या फार्गोचं बोनट उचल – जोरानं, तुटत नाही ते. डायनॅमोच्या वर, डाव्या अंगाले नंबर आहे, चिंधीनं पूस. फोनची बत्ती लाव. आता तुहं आरसी बुक काढ अन् एकेक आकडा वाच. मोठ्यानं वाच. मले चष्म्यानंही दिसत नाही, पण पाठ आहे.

पुढचा. पुढचा.

हो.

सोमवारी क्रेन आण अन् तुहं इंजिन घेऊन जा. मिस्त्रीही दुसरा आण, माह्याकडून काढून नको घेऊ. डॉजमधलं तडकलेलं इथं आणून टाक, ते माहं आहे. साहेबानं इचारलं तर तू लिहून आण, मी अंगठा नाही, सही करतो, तेवढं येते. बदललं असं नको लिहू – चोरलं लिही. अन् रडू नको इथं, दुकान आहे हे. जा आता. शटर पाडतो मी. भर दुपारी पाडतो, माहं शटर आहे. जा म्हटलं ना.