टीव्हीसाठी जाळ

...आणि मला विचारतो काय, "ओस्वाल्दो, आज मांस भाजणार की जाळणार?" खाटीक विचारतो हो, खाटीक! लग्नाआधीपासून ज्याच्याकडून बरगड्या घेतोय, तो!

तुम्हाला सांगतो, बायको मेदियातिका झाली ना माझी! आमच्याकडे ही एक जातच आहे, टीव्हीवर दिसतात म्हणून प्रसिद्ध, आणि प्रसिद्ध म्हणून टीव्हीवर. गाणं नको, नाच नको, भांडता आलं की झालं. आणि नेलीदाची तालीम तर इतकी वर्षं घरातच चालली होती, माझ्यावर!

झालं काय, भर जानेवारीत, म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळा, त्या उकाड्यात गल्लीची वीज गेली, बायका पातेली बडवत रस्त्यावर उतरल्या, चॅनेलची गाडी आली, माइक नेमका हिच्यापुढे, आणि ही जी सुटली...! दुसऱ्याच दिवशी स्टुडिओतून बोलावणं. मग रोजच. कुणाचा घटस्फोट असो नाहीतर टोमॅटोचा भाव, हिचं मत तयार! आमच्या अख्ख्या किल्मेस गावात मी झालो 'नेलीदाचा नवरा'. म्हटलं असू दे, रविवार तर माझा आहे ना? रविवारी अंगणात मी मांस भाजतो, सगळं खानदान जेवतं आणि भाजणाऱ्यासाठी टाळ्या वाजवतं. त्या टाळ्यांवर मी आठवडा काढतो हो...

पण मेदियातिका झाली ना! एका रविवारी कॅमेरेच घरी. मी आपला मंद निखाऱ्यांवर, सावकाश... तर त्यांची ती पोरगी म्हणते, "काका, जाळ दिसत नाहीये, जरा भडकू द्या की." जाळावर मांस? माझ्या बापाने मला घराबाहेर काढलं असतं! पण नेलीदा कानाशी आली, "ओस्वाल्दो, माझ्यासाठी." टाकली चरबी. काय भडका उडाला! मागे ज्वाळा, पुढे मी, सगळा देश बघतोय, खोटं कशाला बोलू, हुरळलो मीही... आणि बरगड्यांचा कोळसा. सगळ्या देशादेखत! रडू आलं मला.

गेल्या रविवारी ठरवलं, आता दाखवतोच. नेलीदा स्टुडिओत, म्हणजे कॅमेऱ्याची कटकट नाही. निखारे हवे तसे, मीठ हवं तेवढं, मांस असं की सुरी नुसती टेकवावी. ताट घेऊन आत गेलो, आणि टाळ्यांचा कडकडाट! डोळे भरून आले हो... पुसून बघतो तर सगळे माझ्याकडे पाठ करून. टीव्हीवर नेलीदा टेबल बडवत होती, "माझ्या नवऱ्यासारखं मांस या देशात कुणी भाजत नाही!"

"अरे, गरम आहे तोवर खा," मी म्हटलं.

माझा मेहुणा रुबेन मागे वळलासुद्धा नाही. "थांबा हो दाजी, ऐकू द्या. तुमचंच कौतुक चाललंय."

काय करणार... मेदियातिका ना! ताट मांडीवर घेतलं आणि बसलो ऐकत. सगळं गार झालं. पण बोलते छान हो ती.