डाव्या गुडघ्याची पट्टी

परळच्या एमआरआय सेंटरमध्ये माझ्या शेजारी कबड्डीतला एक रेडर आणि त्याची आई बसले होते.

"स्वरूप, कागदावर डावा गुडघा लिहिलाय. दुखतो तुझा उजवा!"

"हळू बोल गं आई. पट्टी डाव्याला बांधतो म्हणून समोरचे डावाच धरतात. उजवा वाचतो."

"आणि कोच?"

"तोही पट्टीच बघतो."

"मग सांग ना त्याला, मेल्या!"

"सांगितलं तर टीम घरीच बसवेल. एकतीस वय आहे माझं. डाव्याचा रिपोर्ट क्लीन आला की अजून एक सीझन मिळेल."

"आणि उद्या चाळीचे तीन जिने कोण चढवणार तुला? मी?"

आतलं दार उघडून टेक्निशियन डोकावला.

"स्वरूप कोण? कुठला गुडघा?"

स्वरूपने आईकडे पाहिलं.

आईच म्हणाली, "डावा."