आजीसाठी समुद्र

परदेशातून परतीच्या विमानाच्या रांगेत एका शिक्षिकाबाईंच्या पुढे नवरा, बायको आणि लेक उभे होते. तिघांच्या पायांना अजून वाळू होती.

“आजीसाठी लाटांचा आवाज फोनमध्ये भरून घेतलास ना गं?”

“घेतला, बाबा. पण लाटा कुठे ऐकू येतायत? नुसते तुम्हीच खदाखदा हसताय.”

“मी? काहीतरीच! पुसून टाक.”

“खबरदार पुसलास तर!” बायको लेकीला म्हणाली.

“अगं, माझ्या आईला दिसत नाही. निदान समुद्राचा आवाज तरी आणा म्हणाली होती.”

“आणि भाऊजी वारल्यापासून त्या तुमच्या हसण्याकडे कान लावून बसल्यात, त्याचं काय?”

रांग पुढे सरकली. तो जागचा हलला नाही.

“लाव गं जरा, मलाही ऐकू दे.”

शिक्षिकाबाईही ‘चला’ म्हणाल्या नाहीत.