मोहोळाखालचा आवाज

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या गावच्या सरपंच माननीय गौराबाई, कल्याणहून एवढ्या उन्हातून मुद्दाम आलेल्या माननीय इंदूबाई, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या सत्कारमूर्ती रूपाताई, त्यांचे यजमान कपिलराव, समोर बसलेल्या बौद्धवाडीतल्या, गावठाणातल्या आणि ठाकूरवाडीतल्या माझ्या आयाबहिणींनो आणि बंधूंनो. दाराशी उभे आहेत त्यांनी आत यावं, जागा आहे. सर्वांना जय भीम, सर्वांना रामराम.

मला भाषण येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. शाळा माझी चौथीत सुटली. पुढचं शिकलो ते भजी बांधून आलेल्या कागदांवर आणि टेंपोच्या पुढच्या काचेतून. मग मला का उभं केलं? तर कर्जत स्टेशनावरून लेणी बघायला येणारी माणसं मी आणतो, आणि पाण्याचा जार खांद्यावर टाकून त्यांच्यामागे वरही जातो. त्यामुळे रूपाताईंचं बोलणं या गावात सगळ्यात जास्त मी ऐकलंय. कपिलरावांपेक्षाही जास्त. कपिलराव, हसू नका, हे खरं आहे.

आपल्या लेणीची गोष्ट तुम्हाला मी काय सांगणार? लहानपणी आपण सगळे तिथे शेरडं घेऊन गेलो, करवंदं खाल्ली, टाक्यातलं पाणी प्यालो. पण ते कुणी कोरलं, कशाला कोरलं, हे विचारावंसं वाटलं ते रूपाताईंना. वाट विचारत येणाऱ्या माणसांबरोबर त्या वर जाऊ लागल्या. कोण काय बोलतो ते ऐकू लागल्या. नेरळच्या वाचनालयातून पुस्तकं आणू लागल्या. आणि एक दिवस बघतो तर माणसं त्यांच्यामागून चालली होती.

आता बाहेरच्या पाहुण्यांसाठी एक सांगायला हवं. आपल्या लेणीच्या मोठ्या कमानीला दिवाळीपासून पावसाळा लागेपर्यंत आग्या मोहोळं असतात. दोन्ही बाजूंना काळी कांबळी वाळत घातल्यासारखी. आवाज झाला, धूर झाला, कुणी अत्तर मारून आला, की त्या माशा उठतात, आणि उठल्या की खालच्या ओढ्यापर्यंत पाठ सोडत नाहीत. म्हणून आपल्याकडे वर गेल्यावर हळूच बोलायचं, ही रीत फार जुनी. आपल्या आया तशाच बोलायच्या. तिथे शिवी द्यायची झाली तरी हळू.

रूपाताईंनी ती रीतच आपल्या कामाला लावली. एकदा ठाण्याचा एक गट आला होता. त्यातला एक उंच मुलगा तोंडाशी हात नेऊन म्हणाला, "मॅडम, इथे एको येतो का?"

रूपाताई म्हणाल्या, "येतो. चावतो पण."

त्या मुलाने वर बघितलं आणि हात हळूच खिशात घातला. त्यानंतर तो गट असा चालला, जसं घरात कुणी आजारी निजलंय.

इतक्या हळू बोलायच्या की ऐकायला माणसाने जवळ यावं. आणि जवळ आलेला माणूस मोबाईल खाली ठेवतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. स्तूपासमोर सगळ्यांना खाली बसवायच्या. म्हणायच्या, "हे वरून खाली कोरत आणलंय. आधी छत, मग खांब, मग जमीन. घर आपण खालून वर बांधतो, हे उलटं." एवढंच. मग गप्प राहायच्या. पुढे काय बोलतील म्हणून माणसं वाट बघायची आणि वाट बघता बघता छताकडे बघू लागायची. येणाऱ्यांनीच त्यांचं नाव हळूताई पाडलं. आपणही तेच उचललं. कौतुकाने उचललं.

आणि मंडळी, तिथेच आपला घात झाला.

गेल्या दिवाळीनंतर ताईंचा आवाज बसला. बसला म्हणजे काय, आणखी हळू झाला. आम्हाला काय वाटलं असेल? आम्हाला वाटलं, बाई कामात आणखी मुरली. येणारे लोक खाली उतरून मला म्हणायचे, "काका, तुमच्या ताई किती शांत बोलतात." मीही मान डोलवायचो. ताई स्वतःच म्हणाल्या होत्या, "काका, मोहोळाखाली बोलून बोलून गळ्याला सवयच लागली बघा. आता घरी पण मोठ्याने येत नाय."

अध्यक्षबाई, मान खाली घालू नका. तुम्ही ज्येष्ठमधाच्या काड्या दिल्यात, त्या मायेने दिल्यात. ठाकूरवाडीतल्या सोमीने अडुळशाचा काढा आणला, तोही मायेनेच. साऱ्या गावाने माया केली. फक्त कान कुणी दिला नाही. दुसऱ्या कुठल्याही गावात बाईचा आवाज असा गेला असता तर चार माणसांनी विचारलं असतं, अगं झालंय काय तुला? इथे कुणी विचारलं नाही, कारण इथे हळू बोलणं हा गुण आहे.

ते विचारलं ते इंदूबाईंनी.

इंदूबाईंना दिसत नाही. त्यांच्या कल्याणच्या मंडळातल्या कुणालाच दिसत नाही. दिसत नाही तर लेणी बघायला कशाला यायचं, असं पहिल्या वर्षी मीच टेंपोत मनाशी म्हणालो होतो. पण रूपाताईंनी एकेकाचा हात धरून भिंतीवरच्या छिन्नीच्या खुणांवर ठेवला, टाक्याच्या काठावर ठेवला, भिक्खूंच्या निजायच्या ओट्यावर बसवलं. ती माणसं उतरली तेव्हा त्यांचे चेहरे असे होते, की मी टेंपो चालू करायचं विसरलो.

यंदा माघात ते मंडळ पुन्हा आलं. ताई पुढे झाल्या, म्हणाल्या, "या, सगळे नीट आलात ना?"

इंदूबाई थांबल्या. म्हणाल्या, "तुम्ही नवीन का?"

"नाय हो, मी रूपाच. गेल्या खेपेला टाक्याशी मीच नेलं होतं तुम्हाला."

इंदूबाईंनी ताईंचा हात हातात घेतला, चाचपला. "हात तोच आहे," त्या म्हणाल्या. "आवाज तो नाही."

आम्ही हसलो. आमचा ऋतिक म्हणाला, "मावशी, आमची ताई हळूच बोलते. वर माशा हायत ना."

तेव्हा इंदूबाई जे बोलल्या ते मी जन्मात विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "अरे बाळा, हळू बोललेला आवाज मला कळतो. तो अख्खा असतो, फक्त लांबून येतो. हिचा मधेच फाटतोय. कधीपासून फाटतोय?"

कुणालाच माहीत नव्हतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. कर्जतच्या डॉक्टरांनी पनवेलला पाठवलं, पनवेलहून मुंबईला. गाठ गळ्यात होती. डॉक्टर चांगले होते, खुर्ची देऊन, समजावून बोलले. म्हणाले, जीव वाचेल. पण आवाजाची पेटी काढावी लागेल, आणि श्वासासाठी गळ्याला भोक ठेवावं लागेल. कपिलरावांनी विचारलं, आधी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, दिवाळीनंतर लगेच आला असता तर कदाचित नुसत्या रेडिएशनच्या शेकांवर भागलं असतं.

बाहेर बाकड्यावर कपिलराव माझ्याशेजारी बसले होते. मला म्हणाले, "काका, घरात तिचं बोलणं कमी झालं होतं. मला वाटलं, दिवसभर लोकांशी बोलून दमत असंल. मग शांत वाटायचं घरात, तर मी टीव्हीचा आवाज मोठा केला."

मी त्यांना चहा आणून दिला. दुसरं काय देणार?

आपल्या गावच्या मंडळाच्या मुलांनी आपल्या परीने धडपड केली. ऋतिक ताईंच्या घरी गेला. म्हणाला, "ताई, ऑपरेशनच्या आधी तुमचं सगळं बोलणं मोबाईलवर भरून घेऊ. मग वर छोटा स्पीकर लावू. हळूच लावू. तुमचाच आवाज राहील लेणीत."

ताई म्हणाल्या, "बाई खाली घरात मुकी बसलेली आणि तिचा आवाज वर डोंगरात बोलतोय. ह्याला काय म्हणतात रं ऋतिक?"

ऋतिक रडत माझ्याकडे आला. मी म्हटलं, तुझं मन चांगलं होतं, पण ताईंचं बरोबर आहे. लेणीत माणसाने माणसाशी बोलावं.

आवाज भरून घेतलाच नाही असं मात्र नाही. कपिलरावांची परवानगी काढून सांगतो. ताईंनी त्यांच्या मोबाईलवर थोडं भरून ठेवलंय. त्यात लेणीचा एक शब्द नाही. लेकीला म्हटलंय, "आरोही, दार लावून घे गं. कडी नीट बघ." आणि, "अहो, दूध बघा, उतू जाईल." एवढंच आहे. कपिलराव म्हणतात, ते ऐकायची हिंमत अजून झालेली नाही.

आता गेल्या रविवारचं सांगतो, आणि थांबतो. शेवटची सहल कुणाला दाखवायची, असं मंडळाने ताईंना विचारलं. आम्हाला वाटलं, मुंबईचे कुणी जुने ओळखीचे असतील. ताई म्हणाल्या, "आपल्या गावाला. गावाने कधी बघितलीय?"

आणि खरंच की. आपण वर गेलो ते गुरांमागे आणि लाकडांना. ताईंच्या मागून, पाहुण्यांसारखे, कधी गेलो नाही. तर परवा सगळे गेलो. गौराबाई गुडघे धरून आल्या. ठाकूरवाडी आली. पायवाटेवर रांग एवढी लांब, की पुढचा माणूस कमानीशी आणि मागचा आंब्याखाली.

ताईंचा आवाज पुढच्या दोघा-तिघांपलीकडे जात नव्हता. मग ज्याला ऐकू आलं त्याने मागच्याला सांगावं, असं सुरू झालं. कुणी ठरवलं नाही. ताई एक वाक्य बोलायच्या आणि ते वाक्य माणसामाणसातून हळूच मागे यायचं. ताई म्हणाल्या, भिक्खू पावसाळ्यात इथे मुक्कामाला असायचे. ते सोमीपाशी आलं, तेव्हा सोमीने मागच्यांना सांगितलं, "पावसाळ्यात हितं ऱ्हायाचे. आन् भाजीपाला आपल्याच वाडीतनं जायाचा."

मी म्हटलं, "सोमी, शेवटचं ताई बोलल्या नाहीत."

"मंग काय उपाशी ऱ्हायाचे का ते?" सोमी म्हणाली. "सांग पुढं."

मी पुढे सांगितलं. ही तक्रार कुणीतरी ताईंपर्यंत पोचवली, तेव्हा त्या हसल्या. हसण्याचाही आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. त्या हसताहेत म्हणून आम्ही हसलो आणि मग एकेक जण तोंड फिरवून डोळे पुसू लागला.

शेवटी त्या अर्धवट कोरलेल्या खोलीशी उभ्या राहिल्या. तिथे त्या दर वेळी थोडं बोलतात. परवा ओठ हलले, पण काही आलं नाही. पुढे उभी असलेली आपल्या गावची पोरगी दर्शना गोंधळली. मागून माणसं विचारू लागली, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या? दर्शनाने एकदा ताईंकडे बघितलं आणि मागे वळून स्वतःच सांगितलं, "ही खोली अर्धी का राहिली ते कुणालाच माहीत नाय. इथवर आले आणि गेले." ताईंनी मान हलवली. पुढच्या रविवारपासून लेणी दाखवायला कोण जाणार, हे तिथेच ठरलं. आम्हाला बैठक घ्यावी लागली नाही.

सगळ्यात शेवटी जे वाक्य माझ्यापर्यंत मागे आलं, ते हे: "उतरताना सुक्या पानांवरून पाय सरकतो, झाडाला धरून उतरा." रोजचंच वाक्य. रोजच्यासारखंच मी ते माझ्या मागच्याला सांगितलं.

दर्शना, तुला एक सांगायचंय, सगळ्यांदेखत. वर हळूच बोल. पण खाली उतरल्यावर, टेंपोशी आल्यावर, तुझं नाव एकदा मोठ्याने घ्यायचं, आंब्यापर्यंत जाईल असं. आम्ही ऐकणार. आवाजात जरा खरखर आली की तू कितीही ओरडलीस तरी तुला त्याच टेंपोत घालून डॉक्टरकडे नेणार. हा मंडळाचा ठराव नाही, आमचा हट्ट आहे.

रूपाताई, तुला निरोप द्यायला आम्ही जमलो, असं पत्रिकेत छापलंय. पत्रिका छापणाऱ्याला दुसरा शब्द सुचला नसेल. ऑपरेशननंतर गळ्याच्या भोकातून धूळ जायला नको म्हणून डॉक्टरांनी तुला डोंगर बंद केलाय. पण गाव बंद केलेलं नाही. घरासमोरून टेंपो जाईल तेव्हा ओट्यावर ये. हात केलास तरी मला पुरे. तू काही बोलली नाहीस म्हणून आता या गावात कुणी असं समजणार नाही, की सगळं ठीक आहे.

शाल गौराबाईंच्या हस्ते दिली, त्यांचे आभार. इंदूबाई, तुमचे आभार कसे मानू? आम्हा डोळेवाल्यांना जे कळलं नाही ते तुम्हाला कळलं. उशिरा का होईना, जीव तुमच्यामुळे राहतोय. हॉल देणाऱ्या पंचायतीचे, चहा करणाऱ्या वनिताचे आभार. बोलताना माझ्याकडून कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला लागेल असा शब्द गेला असेल, तर घरचा म्हातारा आहे असं समजून सोडून द्या.

पत्रिकेप्रमाणे समारोप माझ्याकडेच आहे. पण मघाशी ताईंनी माझी बाही ओढली आणि सांगितलं, समारोप मी करणार. ऑपरेशन परवा आहे. मी नको म्हणालो, त्यांनी ऐकलं नाही.

तेव्हा ऋतिक, हा माईक बंद कर, ह्यात घरघर होते. पंखेही बंद करा. उकडेल थोडं. बाहेर कुणाची मोटरसायकल चालू असेल तर त्याला सांगा. खुर्च्या उचलून पुढे आणा, ओढू नका. इंदूबाईंना अगदी जवळ बसवा, त्यांच्या शेजारी आरोहीला. कपिलराव, तुम्हीही उठा, इकडे या.

बोल, पोरी. आम्ही ऐकतोय.